बायकोचं प्रसूतिगृह आणि माझी वाफ

लग्न होऊन बायको पुण्याहून हैदराबादला आली, तेव्हा माझ्या आईने तिला आमच्या काचीगुड्याच्या घराच्या सगळ्या खोल्या दाखवल्या, देव दाखवले, लोणच्याच्या बरण्या दाखवल्या. सगळं बघून झाल्यावर नव्या सुनेने पहिला प्रश्न विचारला, "इथे कचरा कुठे टाकतात?" आई ही गोष्ट पुढे येईल त्याला सांगत असे. आमच्या घराण्यात निजामाच्या काळापासून कारकून झाले, मास्तर झाले, वकील झाले, पण कचऱ्याची चौकशी करणारं माणूस त्याआधी घरात आलं नव्हतं.

ती बाळंतपणाची डॉक्टर आणि मी बॉयलरचा इंजिनियर. ती माणसं सुटी करते आणि मी वाफ कोंडतो, असं मी चारचौघांत म्हणायचो, आणि ती दर वेळी कपाळाला आठ्या घालायची. पुढे आम्ही हिमायतनगरला दुमजली घर बांधलं. खाली आठ खाटांचं तिचं प्रसूतिगृह, वर आम्ही. रात्री-अपरात्री खालून पोराचा पहिला ट्याहा ऐकू आला की मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. सकाळी ती चहा पिताना नुसतं "मुलगी" किंवा "मुलगा" एवढं म्हणायची.

सुरुवातीची कितीतरी वर्षं तिच्या दवाखान्यात कचरा असा फारसा नव्हताच. आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. इंजेक्शनच्या पिचकाऱ्या काचेच्या होत्या, त्या उकळून पुन्हा वापरायच्या. सुया दगडावर घासून धार लावायच्या. रबरी हातमोजे धुवून, वाळवून, भोक पडलं असेल तर ठिगळ लावून, पावडर मारून डब्यात ठेवायचे. दुपारी गच्चीवर हातमोज्यांची रांग वाळत असे, आणि माझी पुतणी त्यांना फुगवून बघायला मागायची. सलाइनच्या बाटल्याही काचेच्या, त्या परत जायच्या. उरायचा तो कापूस आणि बँडेजच्या पट्ट्या. बाळामागून पडणारी वार बहुतेक वेळा घरची माणसंच मागून नेत, आपल्या अंगणात किंवा शेतात पुरायला.

मग नवं आर्थिक धोरण आलं. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा रुपया आणि परकीय चलन यांच्या भाषेत चालली होती. आमच्या घरी ते प्लॅस्टिक होऊन आलं. एकदा वापरायची आणि फेकायची पिचकारी आली, तसेच हातमोजे आले, सलाइनच्या पिशव्या आल्या, नळ्या आल्या. मोठ्या बॅगा घेतलेले, टाय लावलेले एजंट रोज जिन्याशी उभे असायचे. बायको खूश होती आणि ते बरोबरच होतं. एका बाईचा आजार दुसरीला जाण्याची भीती गेली होती. पण मागच्या अंगणातल्या लोखंडी पिंपात आमची आया रोज सकाळी जो कचरा जाळायची, तो दोन वर्षांत इतका वाढला की एकाच्या जागी दोन पिंपं झाली. आणि पूर्वी कापूस जळायचा, आता प्लॅस्टिक जळायला लागलं. काळा, चिकट धूर. माझ्या बनियनवर बारीक काळे ठिपके पडायचे.

शेजारचा जुना बंगला पाडून तिथे अपार्टमेंट उभं राहिलं. तिसऱ्या मजल्यावर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेलं एक जोडपं राहायला आलं. पुण्याचं माणूस म्हटल्यावर बायकोला कोण आनंद. पहिल्याच आठवड्यात डबा भरून पुरणपोळ्या गेल्या. महिनाभरात धुराबद्दलची तक्रार सरकारदरबारी गेली, आणि तिच्यावर पहिली सही त्या जोडप्याची होती. मी तर पेटलोच. "माझ्या पोळ्या खाऊन..." असं काहीतरी मी जिन्यात ओरडलो. पोळ्या मी केल्या नव्हत्या हा भाग वेगळा.

"त्यांचं बरोबर आहे," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे. त्याची खिडकी आपल्या पिंपावरच उघडते."

"मग खिडकी लावून घ्यावी."

"अहो, इथे जन्मलेल्या मुलांची काळजी घ्यायची आणि शेजारच्या मुलाला धूर द्यायचा, हे मला नाही जमणार."

त्याच सुमारास दवाखान्यांच्या कचऱ्याचे नवे नियमही आले होते. इन्स्पेक्टरसाहेब आले. तेलुगू माणूस, शांत, हळू बोलणारा, पण कामात पक्का. त्यांनी पिंपं बघितली, वाकून राखेत अर्धवट वितळलेली पिचकारी काडीने हलवली, आणि बायकोला म्हणाले, "डॉक्टरम्मा, तीन महीने. उसमें कुछ तो भी इंतजाम करो. नै तो ताला डालना पडता."

त्या दिवशी ती जेवली नाही. पन्नाशी उलटली होती तिची. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी मोठ्या इस्पितळांत नोकरीला लागल्या होत्या किंवा घरी बसल्या होत्या. ही कुणाच्या हाताखाली काम करणारी बाईच नव्हे. "हे बंद झालं तर मी सकाळी उठून करू काय?" एवढंच ती मला म्हणाली. मी तिला धीर द्यायला काहीतरी बोललो, पण मला तिचं ते वाक्य फार लागलं. त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

एजंटांना वास लागलाच. एक जण भट्टीचं चकचकीत पुस्तक घेऊन आला. कचरा घाला, बटण दाबा, राख काढा. बँक कर्ज देते, हप्ते आम्ही बांधून देतो. मी त्याला विचारलं, "धुराडं केवढं?" तो जरा घुटमळला. नियमाप्रमाणे धुराडं आमच्या घराच्या तिप्पट उंच लागणार होतं. मी म्हटलं, "वा! म्हणजे आठ खाटांच्या दवाखान्यावर सूतगिरणी बांधायची." तो हसला आणि म्हणाला, "साब, कागद पे ऊंचा दिखा देंगे." मी त्याला हिमायतनगरच्या भाषेत बाहेरचा रस्ता दाखवला.

बायकोचं म्हणणं मुळातच वेगळं होतं. धुराडं उंच केलं म्हणून विष नाहीसं होत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या खिडकीत जातं. प्लॅस्टिक जळताना जे निघतं ते डोळ्यांना दिसतही नाही, असं ती कुठल्याशा परिषदेत ऐकून आली होती. "आपल्याला कचरा नाहीसा करायचा नाहीये," ती म्हणाली. "त्यातले जंतू मारायचे आहेत. जंतू वाफेनेही मरतात. शस्त्रक्रियेचे कपडे आपण रोज वाफेतच शुद्ध करतो की." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही एवढी वर्षं वाफच करताय ना?"

असं म्हटल्यावर मी काय घरी बसणार होतो? बालानगरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचा एक कारखानदार होता, त्याच्याकडून मी जाड स्टीलचं आडवं भांडं करून घेतलं. दार चाकाने आवळायचं, गॅस्केट पक्कं, सेफ्टी व्हॉल्व्ह एकाऐवजी दोन. प्रेशर गेज मी स्वतः निवडला. कचरा आधी वाफेत शिजवायचा आणि मग प्लॅस्टिकचे तुकडे करायचे, म्हणजे कुणी त्या पिचकाऱ्या धुवून बाजारात पुन्हा विकू शकणार नाही. त्यासाठी एक कापणीयंत्रही बसवलं. सुया वेगळ्या, त्या जागच्या जागी छाटून औषधाच्या पाण्यात बुडवायच्या. वार आणि तसल्या गोष्टी वाफेच्या यंत्रात घालायच्या नसतात, आणि हैदराबादसारख्या मोठ्या शहरात त्या पुरायचीही परवानगी नव्हती. तेवढ्यासाठी शहराबाहेर नव्याने सुरू झालेल्या एका सामायिक केंद्राची गाडी यायची. घरच्यांना वार देणं बंद झालं, आणि त्यावरून सासवांची बोलणी बायकोलाच खावी लागली. बाकी सगळा कचरा माझ्या भांड्यात जाणार होता.

पहिल्यांदा यंत्र लावलं त्या दिवशी मी कारखान्यातून रजा घेतली होती. काटा हव्या त्या आकड्यावर गेला आणि तिथेच थांबला. जराही हलला नाही. मी बायकोला हात धरून काटा दाखवायला आणलं. पिशव्यांवर चिकटवायची एक खास पट्टी मिळते, वाफ लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. दार उघडलं, तर सगळ्या पिशव्यांवर पट्टे उमटलेले. पिशव्या टुम्म फुगलेल्या. आया टाळ्या वाजवत म्हणाली, "साब, पूरियां सरीके फूल गये!" पिंपं भंगारवाल्याला दिली. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या त्या जोडप्याने येऊन आभार मानले आणि मीही त्यांना, मन मोठं करून, आत बसा म्हटलं.

आता पिशव्यांबद्दल सांगायला हवं. बायकोच्या दवाखान्यात कचरा बांधण्याची एक रीत होती आणि ती पहिल्या दिवसापासून तिनेच घालून दिली होती. घाण कुणाच्या नजरेला पडता कामा नये, वास येता कामा नये, थेंब गळता कामा नये. कापूस, पट्ट्या, हातमोजे, सगळं आधी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं. त्या पुडक्याला दोरा. मग पुडकी पिशवीत दाबून भरायची, आणि पिशवीच्या तोंडाला गाठ, गाठीवर आणखी एक गाठ. बायको रोज सकाळी फेरी मारताना एखादी पिशवी गाठीला धरून उचलायची आणि हलवून बघायची. सैल लागली की आयाची खरडपट्टी. आयाला त्या गाठींचा इतका अभिमान होता की दुसऱ्या कुणाला ती बांधू देत नसे. पिंपं जाऊन यंत्र आलं, वाफेत न वितळणाऱ्या जाड पिशव्या आल्या, पण बांधायची रीत तीच राहिली. ती बदलायची असते हे कुणाच्या मनातच आलं नाही. मी काटा बघत होतो. पिशवीच्या आत काय चाललंय ते माझ्या खात्यात येत नव्हतं.

बायकोचं समाधान मात्र नुसत्या पट्टीवर होणारं नव्हतं. पट्टी बाहेर असते, ती म्हणायची. तिने मुंबईहून काचेच्या छोट्या कुप्या मागवल्या होत्या. त्यांच्यात मरायला अतिशय चिवट असे जिवाणू असतात आणि त्यांचं खाद्य असतं. कुपी कचऱ्यात ठेवून वाफवायची आणि मग दोन दिवस उबेत ठेवायची. आतलं जांभळं पाणी जांभळंच राहिलं तर जिवाणू मेले. पिवळं झालं तर जिवंत आहेत. या कुप्या यायला बरेच आठवडे लागले. तोवर आमच्या वाफवलेल्या पिशव्या, कापून, नगरपालिकेच्या कुंडीत जात होत्या.

कुप्या आल्या. बायकोने एक कुपी दोऱ्याला बांधून पिशवीच्या मधल्या पुडक्यात ठेवली, दोऱ्याचं टोक कोपऱ्याशी. यंत्रातून निघाल्यावर तिने कात्रीने कोपरा छाटला आणि विहिरीतून पोहरा काढावा तशी कुपी दोऱ्याने ओढून घेतली. नारायणगुड्याच्या एका ओळखीच्या लॅबमध्ये ती ठेवायला दिली. तिसऱ्या दिवशी ती कुपी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटासमोर, उभी करून ठेवली. पिवळीधमक.

"कुपी खराब असेल," मी म्हटलं.

"दुसरी घातली होती. तीही पिवळी."

"मग लॅबवाल्यांनी घोळ केला. काटा बघितलास ना तू? काटा खोटं बोलत नाही."

"काटा भांड्यातलं सांगतो. मी पिशवीतलं विचारतेय."

त्यावरून आमचं जे भांडण झालं ते शेजारच्या अपार्टमेंटपर्यंत गेलं असणार. मी तिला म्हटलं की तू डॉक्टर आहेस, वाफेतलं मला शिकवू नकोस. ती म्हणाली की तुमच्या वाफेने जंतू मरत नसतील तर ती इडल्या करायला वापरा. मी उठून गच्चीवर गेलो. तिथून खाली बघितलं तर ती दवाखान्याच्या पायरीवर एकटी बसली होती. इन्स्पेक्टरने दिलेली मुदत जवळ येत होती, आणि तिच्या हातात दोन पिवळ्या कुप्या होत्या. मग मला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र जास्त वेळ चालवलं. दोन दिवसांनी लॅबमधून कुपी आली ती पुन्हा पिवळी. त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी त्या दिवशी वाफवलेली एक पिशवी उचलली, मागच्या अंगणात नेली, बायकोचे हातमोजे चढवले आणि मोठ्या कात्रीने पिशवी मधोमध फाडली. आया किंचाळली, "साब, नक्को! गंदा है वो!" माझ्या लक्षात आलं की एवढ्या वर्षांत या घरात एकदा बांधलेली पिशवी कुणीही उघडून बघितली नव्हती. घाण म्हणजे बांधायची आणि नजरेआड करायची. ती उघडायची कशाला?

पिशवीची बाजू ओली होती. बाहेरचं पुडकं दमट होतं. मधलं पुडकं मी उलगडलं. आतला वर्तमानपत्राचा कागद खडखडीत कोरडा होता. त्याच्यावरची मोटारीच्या कर्जाची जाहिरात मी चष्म्याशिवाय वाचली. वाफ तिथे पोचलेलीच नव्हती. घट्ट गाठीच्या पिशवीतली हवा बाहेर पडली नव्हती, ती तशीच आत बसून राहिली होती, आणि हवा असेल तिथे वाफ जाईल कशी? पिशव्या टुम्म फुगायच्या त्याही त्या हवेनेच. मी बायकोला हाक मारली. तिने कागद हातात घेतला, चुरगाळून बघितला, आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या गाठी." आया तोवर रडायला लागली होती. बायकोने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझ्या गाठी चांगल्याच होत्या, चूक शिकवणारीची आहे.

मग सगळं उलटं करायचं होतं. वर्तमानपत्र बंद. पुडकी बंद. कचरा सुटा, पिशवी अर्धीच भरलेली, तोंड उघडं, आणि ती भोकं पाडलेल्या स्टीलच्या टोपलीत ठेवायची. मी यंत्राला हवा बाहेर काढायची वाट करून दिली. आधी हवा पूर्ण बाहेर, मग वाफ कोंडायची. हे सगळं सोपं होतं. अवघड होती आया. ती एवढंच म्हणाली, "अम्मा, मरने कू बोलो, मरती. लेकिन मुंह खुल्ली थैली मैं नै पकडती." तिला वाटायचं की उघड्या पिशवीतून आजार उडून अंगावर येतात. बायकोने तिच्याशी वाद घातला नाही. दहाएक दिवस तिने स्वतः हातमोजे, मास्क चढवून उघड्या पिशव्या यंत्रात भरल्या. आया दारात उभी राहून बघायची. मग एके दिवशी तिने बायकोच्या हातातून टोपली ओढून घेतली आणि म्हणाली, "छोडो अम्मा, तुमना बराबर रखने नै आता."

कुपी जांभळी राहिली. त्यानंतरचीही जांभळीच. मी कारखान्यात सगळ्यांना मिठाई वाटली. लोकांना वाटलं मी आजोबा झालो.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी इन्स्पेक्टरसाहेब आले. यंत्र बघितलं, काटा बघितला, कापणीयंत्र चालवून बघितलं. जांभळ्या कुप्या उजेडात धरल्या. मग बायकोच्या टेबलाशी बसले, पेन काढलं. मी दारात उभा होतो, आणि मनातल्या मनात त्यांना लवकर सही करा म्हणत होतो.

बायको म्हणाली, "सर, एक बात बोलनी है. ये टेस्ट अभी पास हो रा है. इसके पहले बहुत हफ्ते हमारे बॅग अंदर से कच्चे ही बाहर गए. हमको मालूम नहीं था. कुंडीपे जो दो औरतें कचरा चुनती हैं, उनको मैंने बुलाके कावीळ का टीका दिया, धनुर्वात का भी. लेकिन गए तो गए."

हिंदी बोलताना तिला 'कावीळ' आणि 'धनुर्वाता'ला हिंदी शब्द सुचले नाहीत. इन्स्पेक्टरना ते शब्द कळले की नाही कोण जाणे, बाकी सगळं कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "क्या डॉक्टरम्मा," ते म्हणाले, "मैं साइन मारने कू बैठा था." त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "आप बोल दिये, अब मैं सुना नै बोलके कैसे जाना?" त्यांनी लिहिलं की महिनाभर नवीन पेशंट दाखल करायचे नाहीत, दर आठवड्याला कुपीची तपासणी करायची, सगळ्या पास झाल्या तर पुन्हा उघडायचं.

ते फाटकाबाहेर पडले आणि मी फुटलोच. "तुला कुणी विचारलं होतं का? कुणी विचारलं होतं? सही होत होती त्यांची!"

"उद्या त्या बायकांना काही झालं असतं तर मला कुणी विचारलंच नसतं," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. राग तर होताच. पण तिसऱ्या दिवशी कारखान्यात एकाला ही हकीकत सांगताना मी ती इतक्या रुबाबात सांगितली की तो म्हणाला, साहेब, तुमचा तर ऊर भरून आलाय. ते खरं होतं. घरी मात्र मी हे कबूल केलं नाही.

तो महिना फार वाईट गेला. नाव घातलेल्या बायकांना बायकोने स्वतः फोन करून दुसरीकडे जायला सांगितलं. तेव्हाच शहरात काचेच्या दारांची, थंड हवेची, खाली कॉफीचं दुकान असलेली नवी इस्पितळं उघडली होती. बायका तिकडे गेल्या आणि तिथेच रमल्या. काहींनी कौतुकाने सांगितलं की तिथे खोलीत टीव्ही आहे. बायको म्हणाली, "छान." ती आठही खाटांच्या गाद्या उन्हात टाकायची, पडदे धुवायची, शस्त्रक्रियेची हत्यारं पुन्हा पुन्हा पुसायची. आठवड्याच्या आठवड्याला कुपी लॅबमध्ये जायची आणि जांभळी परत यायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "बरं झालं, थोडी विश्रांती मिळाली." मला ते पटायचं. तिचा चेहराच तसा, सगळ्याला तयार असलेला.

महिना संपला. इन्स्पेक्टरसाहेबांनी येऊन सही केली आणि जाताना हात जोडले. दवाखाना उघडला. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज इस्त्रीची साडी नेसून खाली जाऊन बसायची आणि मी काहीबाही निमित्त काढून कारखान्यातून लवकर घरी यायचो. "पेशंट येतील," मी म्हणायचो. "येतील की," ती म्हणायची आणि पेपर वाचायची. तो पेपर तिचा सकाळीच वाचून झालेला असायचा.

एका दुपारी आम्ही वर जेवत होतो. फाटकाशी रिक्षाचा हॉर्न वाजला, एकदा, मग लागोपाठ. खालून आया ओरडली, "अम्मा! बेगम बाजार से आये! दर्द शुरू हुए!" बायकोने हातातला घास ताटात टाकला आणि उठली. जिना मी इतक्या आवाजात कधी वाजलेला ऐकला नव्हता. मी मागोमाग गॅलरीत गेलो. डॉक्टर धावला की पेशंट घाबरतो, असं ती नर्सना नेहमी बजावायची. आणि आता ती स्वतः अनवाणी, उष्ट्या हाताने, भर उन्हातल्या अंगणातून फाटकाकडे पळत होती.

रिक्षातली बाई मसाल्याच्या एका व्यापाऱ्याची सून होती. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याचकडे झालेलं. तिने बायकोला बघितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरम्मा, रास्ते में डर लग रा था, आप नै मिले तो क्या करना बोलके."

बायकोला धाप लागली होती. तिने डाव्या हाताने तिचा हात धरला आणि म्हणाली, "मेरेकू भी."